टायमिंग साखळीचा ताणक

अंतर्ज्वलन-एंजिनात भुजादंडाची गती कॅम दंडाकडे नेणाऱ्या साखळीतील सैलपणा सतत काढून घेणारे साधन. या साखळीस गॅरेजांत ‘टायमिंग चेन’ व तिच्या ताणकास ‘टेन्शनर’ म्हणतात. ताणक हा हाताच्या मुठीत मावेल एवढा लहान भाग असला, तरी झडपांची उघडझाप आणि डीझेल एंजिनात बहुधा इंधनाच्या अंतःक्षेपणाची वेळही ज्या साखळीवर अवलंबून असते, ती जागेवर ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. जुन्या डीझेल मोटारगाडीतील निकामी ताणक काढून नवा बसविणे हे वरवर किरकोळ काम वाटते. तथापि ताणक साखळीचा सैलपणा काढतो, झीज भरून काढीत नाही. हा भेद ध्यानात न घेता केलेल्या दुरुस्तीने आवाज थांबतो, दोष मात्र कायम राहतो.

साखळीचे कार्य : चार धावांच्या एंजिनात शोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या धावा पूर्ण होण्यास भुजादंडाचे दोन फेरे लागतात, त्या काळात प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरावा लागतो व त्यावरील साखळी चक्राला भुजादंडावरील चक्राच्या दुप्पट दाते असतात. पेट्रोल एंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डीझेल एंजिनात मात्र दाबाने तापलेल्या हवेत इंधन योग्य क्षणी फवारले, तरच ते योग्य वेळी पेटते [⟶ डीझेल एंजिन]. ज्या एंजिनात अंतःक्षेपण पंपही त्याच साखळीवर फिरतो, तेथे साखळीतील फरकाचा परिणाम झडपा व इंधन या दोहोंवर एकदम होतो.

डीझेल एंजिनातील साखळीस धक्केही अधिक सोसावे लागतात. शक्ती धावेतील दाब तीव्र असल्याने भुजादंडाची गती एका फेऱ्यातही एकसारखी नसते. पंपाचा दट्ट्या इंधन दाबतो तेव्हा साखळीवर क्षणिक ओढ येते, तर झडप मिटताना तिची स्प्रिंग कॅमला उलट पुढे ढकलते व साखळी क्षणभर सैल पडते. ओढ आणि ढील यांचा हा खेळ मिनिटास हजारो वेळा चालतो. ताणक नसल्यास साखळी चाबकासारखी हेलकावे घेईल व दात्यांवरून उडी मारील.

इतिहास : या कामी वापरली जाणारी बुश-रोलर साखळी हॅन्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने मँचेस्टर येथे 1880 मध्ये तयार केली. तीत पोलादी पट्ट्यांच्या जोड्या खिळ्यांनी सांधलेल्या असून खिळ्यावर बुश व बुशावर मोकळा फिरणारा रूळ असतो. रूळ दात्यावर घासत न जाता लोळत जात असल्यामुळे झीज कमी होते. सायकलीत रूढ झालेली ही साखळी पुढे मोटारगाड्यांच्या एंजिनांत आली. डीझेल एंजिन दीर्घकाळ जहाजे, कारखाने व मालमोटारी यांपुरतेच राहिले होते. 1936 मध्ये जर्मनीतील मर्सिडीझ-बेंझ 260 डी या गाडीबरोबर ते प्रवासी मोटारगाडीत मोठ्या उत्पादनाच्या पातळीवर आले. त्याच कंपनीने 1973 मध्ये 240 डी ही गाडी बाजारात आणली. तिचे ओएम 616 हे एंजिन महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले.

नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये स्थापिलेल्या बजाज टेंपो या कंपनीने (2005 पासून फोर्स मोटर्स) पुण्याजवळील आकुर्डी येथे मर्सिडीझच्या परवान्याने हे एंजिन बनविले. टेंपो ट्रॅव्हलर, ट्रॅक्स इ. वाहनांत ते वापरले गेले. मूळचे मोटारगाडीचे हे एंजिन अशा रीतीने खेडोपाडीच्या प्रवासी वाहतुकीत आले आणि त्याची टायमिंग साखळी ग्रामीण मेस्त्रींच्या परिचयाची झाली.

रचना : ओएम 616 हे चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे व पूर्वकक्ष पद्धतीचे एंजिन आहे. सिलिंडराचा व्यास 90.9 मिमी. व धाव 92.4 मिमी. असून एकूण आकारमान सुमारे 2,399 घ. सेंमी. भरते. कॅम दंड सिलिंडरांच्या डोक्यावर, म्हणजे ‘हेड’ मध्ये, असतो. त्यामुळे साखळी एंजिनाच्या पुढील भागात तळाच्या भुजादंडापासून माथ्यापर्यंत उभी जाते. ती दुहेरी पदराची असून कॅम दंडाबरोबर अंतःक्षेपण पंपालाही गती देते. अँबॅसडर गाडीच्या 1,489 घ. सेंमी. डीझेल एंजिनात कॅम दंड खाली ठोकळ्यातच असे, म्हणून त्याची साखळी आखूड होती. साखळी जितकी लांब, तितके तिचे सांधे अधिक व झिजेची बेरीजही अधिक.

फिरत्या साखळीच्या दोन बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. भुजादंड जी बाजू स्वतःकडे ओढतो ती ताणलेली बाजू होय. कॅम दंडाचे व पंपाचे चक्र या बाजूने ओढले जाते. दुसरी परतीची बाजू सैल असते. ताणलेल्या बाजूस स्थिर मार्गदर्शक पट्टी असते, तर सैल बाजूस एका टोकाशी खिळलेली वक्र पट्टी टेकलेली असून ताणक त्या पट्टीला मागून रेटतो. ताणक नेहमी सैल बाजूसच असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

ताणकाचे प्रकार : सर्वांत साधा ताणक निव्वळ स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग मऊ ठेवल्यास साखळी हेलकावते व कडक ठेवल्यास पट्टी लवकर झिजते. ही अडचण टाळण्यासाठी द्रवीय ताणक वापरतात. त्याच्या पोकळ नळकांड्यात एक दट्ट्या, त्यामागे स्प्रिंग व एकाच दिशेने उघडणारी गोळीची झडप असते. एंजिनातील वंगण तेल दाबाखाली झडपेतून आत येते. साखळी सैल पडताच स्प्रिंग व तेल दट्ट्याला पुढे ढकलतात. साखळीने त्याला मागे रेटू पाहिल्यास झडप मिटते व अडकलेले तेल आधार देते. दट्ट्याभोवतीच्या बारीक फटीतून तेल हळूहळू झिरपत असल्याने ताणक एकाच वेळी टणक व सावकाश मागे सरणारा असतो. काही ताणकांत करवती दात्यांची खीळही असते. तिच्यामुळे दट्ट्या पुढे सरकतो, पण ठरावीक अंतरापेक्षा मागे येत नाही. एंजिन बंद असताना तेलाचा दाब नसला, तरी साखळी सैल होत नाही.

झिजेचे गणित : ‘साखळी ताणली’ असे बोलण्यात येते, प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यातील खिळा व बुश एकमेकांवर घासून अत्यल्प झिजतात आणि या झिजेची बेरीज लांबीत दिसते. उदा., 9.525 मिमी. अंतराच्या साखळीत ताणलेल्या बाजूस 50 सांधे आहेत व प्रत्येक सांधा 0.02 मिमी. झिजला आहे असे मानल्यास ती बाजू 1 मिमी. ने लांब होते. भुजादंडावरील चक्रास 20 दाते असल्यास त्याची प्रभावी त्रिज्या सुमारे 30.4 मिमी. येते. या त्रिज्येवर 1 मिमी. म्हणजे भुजादंडाचा सुमारे 1.9° कोन होय. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या झिजेमुळे झडपा व अंतःक्षेपण जवळजवळ 2° उशिरा होऊ लागतात. ओएम 616 मध्ये इंधनपुरवठा दट्ट्या सर्वांत वरच्या स्थितीस पोहोचण्यापूर्वी 24° वर सुरू व्हावा अशी योजना असते. यात 8–10 अंशांचा उशीर झाल्यास सकाळी एंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, चढावर ओढ कमी पडते, धूर वाढतो व इंधनही अधिक लागते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वेळेतील फरक ताणलेल्या बाजूच्या लांबीमुळे पडतो आणि ताणक काम करतो सैल बाजूवर. त्यामुळे कितीही चांगला ताणक बसविला, तरी मागे पडलेली वेळ पुढे येत नाही. उलट नवा ताणक सैलपणा काढून खडखड बंद करतो व झिजेची सहज लक्षात येणारी खूणच नाहीशी करतो.

बिघाडाची लक्षणे : रात्रभर उभे राहिलेले एंजिन सुरू करताना समोरच्या बाजूस क्षणभर खडखड होऊन तेलाचा दाब येताच थांबल्यास त्यात विशेष काही नसते. हा आवाज रेंगाळू लागला, गरम एंजिनातही मंद गतीवर येऊ लागला किंवा प्रवेगक सोडताच वाढला, तर ताणकाची झडप गळत असण्याचा, दट्ट्या अडकल्याचा अथवा पट्टी झिजल्याचा संभव असतो. जुन्या तेलातील काजळी ताणकाच्या बारीक वाटा बुजविते. तेल काढताना त्यात प्लॅस्टिकचे किंवा रबराचे तुकडे आढळले, तर पट्टीचे अस्तर सुटले असे समजावे. अंतःक्षेपक, झडपा व बेअरिंगे यांचेही आवाज होत असल्याने केवळ कानावर विसंबून ताणक बदलणे योग्य नव्हे.

दात्यावरून साखळी सरकल्यास होणारे नुकसान डीझेल एंजिनात विशेष गंभीर असते. ओएम 616 च्या एका सिलिंडराचे आकारमान सुमारे 600 घ. सेंमी. व संपीडन गुणोत्तर 21 आहे. म्हणजे दट्ट्या वर आल्यावर हवेसाठी केवळ 30 घ. सेंमी. जागा उरते आणि तीपैकी बरीचशी पूर्वकक्षात असते. दट्ट्या व हेड यांत झडपेला उघडे राहण्यास जागा नसते. कॅम दंडाच्या चक्रास 40 दाते धरल्यास एक दाता सरकणे म्हणजे कॅम दंडाचा 9° व भुजादंडाचा 18° फरक होय. त्याहून अधिक दाते सरकल्यास वा साखळी तुटल्यास दट्ट्या झडपांवर आदळतो. झडपा वाकतात, रॉकर मोडतात व प्रसंगी दट्ट्याही फुटतो. मग हेड उतरवून ‘एंजिन बांधण्या’ वाचून गत्यंतर नसते.

मराठवाड्यातील परिस्थिती : चाकूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लातूर–नांदेड मार्गावर, लातूर व अहमदपूर यांच्या दरम्यान असून लातूर रोड हे रेल्वे जंक्शन त्याच्या जवळ आहे. जेथे एस. टी. बसच्या फेऱ्या थोड्या होत्या, अशा मराठवाड्यातील गावांना बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये व दवाखाने यांच्याशी जोडण्याचे काम ‘काळी-पिवळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीपवजा वाहनांनी केले व त्यांत ट्रॅक्स गाड्यांचा भरणा मोठा होता. या वापराचे स्वरूप एंजिनाच्या दृष्टीने कठीण असते. प्रवासी पुरेसे जमेपर्यंत गाडी अनेकदा एंजिन चालू ठेवून उभी राहते. या अवधीत साखळी फिरत असते, पण अंतरमापकावर एक किलोमीटरही वाढत नाही. त्यामुळे किलोमीटरांच्या हिशेबाने ठरविलेली तेल बदलण्याची मुदत येथे फसवी ठरते. चालू तासांचा अंदाज घेणे अधिक योग्य होय. मंद गतीत तेलाचा दाबही कमी असतो. शिवाय वारंवार थांबणे, जादा भार व उन्हाळ्यातील धूळ यांची भर पडते.

अशा गाडीचा एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्यामुळे मालक आवाज थांबवून मागतो व मेस्त्रीही ताणक बदलून गाडी त्याच दिवशी रस्त्यावर पाठवितो. साखळी चांगली असेल, तर ही दुरुस्ती पुरेशी आहे. ती झिजलेली असेल, तर गाडीतील प्रवासी भर रस्त्यात अडकण्याचा व मालकास मोठा खर्च पडण्याचा प्रसंग केवळ पुढे ढकलला जातो. दोन्ही स्थितींत गाडी गॅरेजातून सारखीच शांत बाहेर पडते. त्यांतील फरक मोजमापानेच कळतो आणि त्यासाठी फारशी उपकरणे लागत नाहीत.

साखळीची तपासणी : ताणकास हात लावण्यापूर्वी ही तपासणी करतात. हेडवरील झाकण (‘टप्पेट कव्हर’) काढून भुजादंडाच्या पुढील बोल्टवर पाना लावतात व एंजिन त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवितात. कॅम दंडावरील खूण तिच्या आधारावरील खुणेशी तंतोतंत जुळताच थांबून भुजादंडाच्या पुलीवरील अंश वाचतात. साखळी नवी असल्यास तेथे शून्याच्या आसपास वाचन येते. शून्य ओलांडून जितके अंश पुढे गेले, तितकी साखळी झिजलेली असते. खूण ओलांडली गेल्यास एंजिन उलटे फिरवून मागे आणू नये; पुन्हा दोन फेरे देऊन जुळवावी. उलट फिरविल्यास सैल बाजूवर ओढ येऊन ताणक दबतो, सैलपणा दुसरीकडे जातो व वाचन चुकते.

फरक थोड्या अंशांचा असल्यास कॅम दंडाच्या चक्राखालील अर्धचंद्राकार चावीऐवजी पायरीची चावी बसवून वेळ जुळविता येते. अंतःक्षेपणाची वेळ पंप किंचित फिरवून स्वतंत्रपणे जुळवावी लागते. फरक 10 अंशांजवळ गेल्यास साखळीच बदलणे इष्ट असते. त्यासाठी एंजिन पूर्ण खोलण्याची गरज नसते. जुनी साखळी एका कडीपाशी तोडून तिच्या टोकास नवी जोडतात व भुजादंड सावकाश फिरवीत जुनी बाहेर काढून नवी आत घेतात. या वेळी दोन्ही टोके सतत ताणून धरण्यास दुसरा माणूस लागतो. शेवटची कडी खिळ्यांची टोके ठोकून पक्की करतात. दाते आकड्यासारखे झिजले असल्यास चक्रेही बदलावी लागतात.

ताणक बदलण्याची कृती : एंजिन थंड करून बॅटरीची जोडणी सोडवितात, म्हणजे अनवधानाने स्टार्टर फिरण्याचा धोका राहत नाही. पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या संपीडनाच्या शेवटी वरच्या टोकास आणून खुणा जुळवितात आणि साखळी कॅम दंडाच्या चक्रास तारेने बांधतात. ताणक बाहेरून बसविलेला असल्यास त्याच्या आड येणारे भाग दूर करून त्याचे बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे सैल करतात. ताणक निघाल्यापासून नवा बसेपर्यंत भुजादंड अजिबात फिरवू नये.

नव्या द्रवीय ताणकात तेल भरणे ही कृतीतील सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी पायरी आहे. ताणक दट्ट्याचे टोक खाली येईल असा उभा स्वच्छ तेलात बुडवून दट्ट्या सावकाश 7 ते 10 वेळा पूर्ण दाबतात. आतील हवा निघून गेल्यावर तो बऱ्याच जोराने, हळूहळू व एकसारखाच दाबला जातो. तो पटकन आत गेल्यास हवा राहिली आहे किंवा झडप सदोष आहे असे समजावे. कोरडा ताणक बसविल्यास पहिल्या काही क्षणांत साखळीस आधार नसतो आणि दाता सरकण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. खीळ असलेला वापरलेला ताणक पुन्हा बसवावयाचा असल्यास तो खोलून दट्ट्या मूळ स्थितीत आणावा लागतो. तसाच बोल्टांनी आवळल्यास तो साखळीस अवाजवी ताण देतो व पट्टी मोडू शकते.

नवी बैठक लावून ताणक समप्रमाणात आवळल्यावर साखळीची तार सोडवितात. ती आतच राहून एंजिन फिरल्यास मोठे नुकसान होते. त्यानंतर भुजादंड हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. मध्येच टणक अडथळा जाणवल्यास जोर न करता थांबावे. दट्ट्या झडपेस टेकल्याची ती खूण असू शकते. एंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब ताबडतोब यावा व सुरुवातीची खडखड काही सेकंदांत थांबावी. तेल काळे व दाट झाले असल्यास तेल व गाळणी त्याच वेळी बदलणे आवश्यक असते, कारण ज्या काजळीने जुना ताणक निकामी केला तीच नव्यालाही करते.

काही एंजिनांत साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा वापरतात. तो शांत चालतो, पण ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो. साखळीस अशी ठरावीक मुदत बहुधा दिलेली नसते. त्यामुळे ती कायमची टिकते असा समज होतो. वस्तुतः तिची मुदत तेलाच्या स्वच्छतेवर व चालू तासांवर ठरते. ताणकाची खडखड ही त्या मुदतीची एक सूचना होय. ताणक बदलताना साखळीच्या झिजेचे अंश मोजून ते तारखेसह वाहनाच्या वहीत लिहून ठेवल्यास पुढील दुरुस्तीची वेळ अंदाजाने नव्हे, तर दोन वाचनांच्या तुलनेने ठरविता येते.